दार लाव

पिक्चरला जायचा हट्ट त्याचा होता, हेच मुळात आक्रीत. लग्नाला बारा वर्षं झाली, पण गडी आपणहून तिकीट काढेल तर शपथ! परदेशात धडपडणाऱ्या सेल्समनवर सिनेमा आलाय हे कळलं मात्र, आणि स्वारी दुपारच्या खेळाची दोन तिकिटं घेऊनच घरी आली.

कारण साधं होतं. तीन वर्षं परक्या मुलखात त्याने दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकले; म्हणजे विकायची धडपड केली. मग हात हलवत परतला. मेव्हणा, म्हणजे बायकोचा दादा, चारचौघांत म्हणायचा, "भाऊजींना कष्ट झेपले नाहीत हो!" बायको त्यावर गप्प बसायची, आणि तिचं ते गप्प बसणंच त्याला जास्त लागायचं. सांगायला जावं तर शरम आड यायची. आता ती पडद्यावरच बघेल, म्हणजे आपल्याला तोंड उघडायला नको, असा बिचाऱ्याचा बेत.

कसलं काय न् कसलं काय! पडद्यावरचा सेल्समन कडक इस्त्रीच्या सुटात. तीन दारं वाजवली, चौथ्या दारात श्रीमंत म्हातारी भेटली, आणि मध्यंतराला हा मॅनेजर! रडला एकदाच, तेही गाण्यात.

बाहेर पडताना बायको सहज म्हणाली, "एवढं सोपं असतं होय?"

मग तुम्हालाच का नाही जमलं, असंच त्याला ऐकू आलं. दोघं घरी आली. तिने कुलूप काढलं, आत गेली. हा बाहेरच उभा.

"अहो, आत या की."

"दार लाव. मी बेल वाजवतो, तू उघड. मी बोलायला लागलो की लाव."

"हे काय खूळ आता?"

"लाव गं."

बेल वाजली. तिने उघडलं. समोर तो ताठ उभा, दात दाखवत हसणारा. असलं हसू तिने बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या परक्या भाषेतलं पाठ केलेलं भाषण त्याने घडाघडा म्हटलं, आणि रिकाम्या मुठीतून उंबऱ्यावर काहीतरी टाकल्यासारखं केलं.

"ही धूळ," तो म्हणाला. "आम्हीच पुडीतून न्यायची, त्यांच्या गालिच्यावर टाकायची, आणि मशीनने ओढून दाखवायची. लोक कसले बेरकी! खाटेखालून, सोफ्यामागून आख्खं घर साफ करून घ्यायचे आणि मग नको म्हणायचे. एका बाईकडे चार खोल्या झाडल्या. पाणी मागितलं, तर बाहेरचा नळ दाखवला."

"दिवसाला किती घरं?"

"साठ दारं. आत घेणारी दोन-तीन."

"आणि फोनवर तर मजेत आहे म्हणायचात."

"काय सांगणार होतो? लाव ना दार."

हसू अजून तसंच होतं, डोळे मात्र भरून आले होते. तिने दाराला हात लावला, पण तिच्याच्याने ते ढकलवेना.

"नाही हो जमत मला," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. मनगट धरून तिने त्याला आत ओढलं. बराच वेळ दोघं तिथेच, चपलांच्या शेजारी, जमिनीवर बसून राहिली.

"उद्या दादा येणार आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "त्याला चांगलं सुनावते."

"नको," तो म्हणाला. "तुला कळलं ना, बास."