कपाटात लपलेलं दार

बाळांनो, अशी एक खोली डोळ्यांपुढे आणा बरं, जिला दार आहे पण ते दिसत नाही. एका भिंतीवर पुस्तकांचं कपाट रंगवलंय आणि दार त्या चित्रातच लपलंय.

म्हाताऱ्या माणसांसाठीच्या त्या इमारतीचा नकाशा एका बाईने काढला होता. विसरभोळी माणसं बाहेर पडून हरवू नयेत, म्हणून ही युक्तीही तिचीच. पुढे तिच्या वडिलांनाच विसर पडू लागला. एकदा ते रस्त्यात गाडीखाली येता येता वाचले, तेव्हा तिने त्यांना तिथेच ठेवलं.

आज ती लेकीला घेऊन भेटायला आली होती. निघताना बघते तर वडील पिशवी भरून तयार.

"चल, घरी जाऊ. पण बाहेर पडायचं कुठून? बिनदाराची खोली! कुठल्या दीडशहाण्याने बांधलीय गं ही?"

बाईची नजर रंगवलेल्या कपाटाकडे गेली. दार दाखवलं तर बाबा पुन्हा रस्त्यावर. नाही दाखवलं तर ते असेच भिंत चाचपत राहणार.

"आपण शोधू की, आजोबा," लेक म्हणाली. दार तिला पक्कं ठाऊक होतं, त्यातूनच तर ती आत आली होती. ती आजोबांशेजारी उभी राहिली आणि तेवढी जागा सोडून बाकी सगळी भिंत चाचपू लागली.