डावीकडून तिसरी बाई

कोपेदे वस्तीतली घरं बांधणाऱ्यानं हौसेला काही कमी केलं नव्हतं. एकाच भिंतीवर मधमाश्या, सिंहांची तोंडं, ढाली, आणि वर फळांच्या परड्या घेतलेल्या, रंगवलेल्या बायका. रोमच्या माणसांना त्याचं कौतुक उरलेलं नाही. बेडकांच्या कारंज्यावर बसून ती खुशाल आइस्क्रीम खातात.

एर्सीलियाला मात्र डावीकडून तिसरी बाई तीस वर्षं सलत होती. तो चेहरा तिच्या आईचा होता. डावी पापणी तश्शीच झुकलेली. मूळ चेहरा पावसानं गळून गेला, तिथं हा रंगवला तिच्या बापानं, ओरेस्तेनं. बाप हाताचा पक्का, पण जुन्या चित्रात आपली भर घालून ती जुनीच म्हणून खपवणारा. लेक जुनी चित्रं दुरुस्त करायचं शिकून आली आणि घरात रोजची खडाजंगी सुरू झाली. तिचा नियम एकच. गळालेली जागा बारीक उभ्या रेषांनी भरायची. लांबून चित्र अखंड दिसावं, जवळून भर कुठं घातली ते कळावं. बाप म्हणायचा, हे मांजराचे ओरखडे तुझे तुला लखलाभ. शेवटी बोलणं तुटलं, ते बाप मेला तरी सांधलं नाही. आईचा चेहरा त्यानं त्या अबोल्यातच रंगवला, आई गेल्यावर.

आता त्या भिंतीचं काम एर्सीलियाकडेच आलं. वारसा खात्याची लविनिया, तिचीच जुनी विद्यार्थिनी, पाहणीला आली. रस्त्यावरून मान वर करून म्हणाली, तिसरा चेहरा सगळ्यांत सुरेख, जुना हात तो जुनाच. एर्सीलिया गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण तिनं सरळ सांगितलं की तो बनावट आहे, माझ्या बापाचा आहे, पुसायचा. आईचे फोटो तळघरात पाणी शिरलं तेव्हाच गेले, आता एवढीच आई उरली आहे, हेही सांगितलं. आवाज हलला नाही. कावरीबावरी झाली ती लविनियाच.

"राहू द्या ना, बाई."

"दुसऱ्या कुणाचं काम असतं तर राहू दिलं असतंस?"

दुसऱ्या दिवशी परांची तिथवर पोचली. एर्सीलिया वर चढली, काडीला कापूस गुंडाळला, रंग काढायच्या औषधात बुडवला आणि पापणीपाशी नेला. तिथंच हात थांबला. तिनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

अख्खा चेहरा रेषांचा होता. उभ्या, बारीक. हनुवटीवर जाड झालेल्या, गालावर कललेल्या, नवशिक्यानं ओढाव्यात तशा. पापणीपाशी येईपर्यंत सरळ झाल्या होत्या. तीस वर्षं ती हे खालून बघत आली होती, आणि खालून रेषा दिसत नाहीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

खालून लविनियानं विचारलं, काय झालं म्हणून.

"राहणार हा," एर्सीलिया म्हणाली. "नियमात बसतो."

मग ती फळीवर बसली आणि रडली. भिंतीकडे न बघताच म्हणाली, "एकदा सांगायचं तरी, बाबा."