संकासुराचा मार

माझ्यासारख्या भित्र्या माणसाने तोंड झाकू नये. हे मला कळलं, पण फार उशिरा.

पंच्याऐंशी साली आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत सत्यनारायणाला व्हिडिओ आणला होता. पिक्चरमध्ये एक गोरा कारकून दिवसभर साहेबाच्या शिव्या खायचा आणि संध्याकाळी बुरखा घालून गुंडांना बडवायचा. चाळ हसून लोळत होती. मला काही हसू आलं नाही. गिरणी सुटल्यापासून मी एका कारखान्यात खोकी बांधत होतो आणि सुपरवायझर मला चारचौघांत ‘ए खोका’ म्हणून हाक मारायचा. मी ‘जी साब’ म्हणायचो.

माझ्याकडे बुरखा होता. बाबा गावी शिमग्याला संकासुर व्हायचे. काळा झगा, उंच टोपी, तोंडावर काळं फडकं, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं आणि हातात सुंभाचा दोर. संकासुराचा दोर अंगावर बसला तर आमच्याकडे कुणी उलटून बोलत नाही, देवाचाच मार मानून हात जोडतो. बाबा गेल्यावर ते सगळं ट्रंकेतून माझ्या माळ्यावर आलं होतं.

पहिल्यांदा ते अंगावर चढवून मी पाण्याच्या टाकीमागे पत्ते कुटणाऱ्या पोरांवर धावून गेलो. पोरं चपला टाकून पळाली. दुसऱ्या दिवशी चाळभर तेच. माझी बायको जानकीसुद्धा म्हणाली, “कोण का असेना, मर्द आहे हो!” सोळा वर्षांच्या संसारात तिने मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी चहात बटर बुडवत ऐकत बसलो. डोक्यात हवा गेली ती तिथेच.

मग नळाच्या पितळी तोट्या चोरीला जायला लागल्या. महिन्यात तीन. बायका एकमेकींवर हंडे उगारायला लागल्या. मी ठरवलं, हा चोर माझा.

दिवेलागणीला मी टाकीमागे दबा धरून बसलो. एक माणूस पाना घेऊन नळाशी वाकला. मी घुंगरं वाजवत झेप घेतली आणि दोर चालवला. एक, दोन, चार. सुपरवायझरला जे द्यायचं होतं ते सगळं त्या पाठीवर दिलं.

त्याने वळून पाहिलं. शेवटच्या खोलीतला काशीराम. आमच्याच तालुक्यातला, माझ्याबरोबर गिरणीत होता. तो पळाला नाही, ओरडला नाही. हात जोडून गुडघ्यावर बसला.

“चुकलो म्हाराजा. पाच वर्सं शिमग्याला आलो नाय. म्हणूनच तू माझ्या घरात दुखणं घातलंस ना? मार मला, पण रुक्मिणीला बरी कर.”

आणि त्याने पाठ पुन्हा माझ्याकडे केली. त्याच्या पायाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरी तोटी पडली होती. तो ती बसवायला आला होता.

तेव्हाच फडकं काढून ‘अरे, मी सहदेव’ म्हणायला हवं होतं. मी काय केलं? घोगऱ्या आवाजात म्हणालो, “बरी होईल.” आणि पळालो.

त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीच्या पोटात गाठ होती. सोमवारी तिला हॉस्पिटलात दाखल करायचं होतं. शनिवारी काशीराम हसत माझ्या दारात आला. “सहदेवा, ऑपरेशन रद्द! देवाने सांगितलंय, बरी होईल. मग कशाला उगाच कापाकापी?”

मी त्याला डॉक्टरचं ऐकायला सांगितलं. तो म्हणाला, “डॉक्टर मोठा की देव?”

खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. रविवारी संध्याकाळी सगळी चाळ टीव्हीवरच्या पिक्चरला गेल्यावर मी पुन्हा झगा चढवला. मला स्वतःची किळस येत होती, तरी चढवला.

काशीरामच्या दारात उभा राहून म्हणालो, “हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने.”

“व्हय म्हाराजा! सहदेवाला बोलवून आणतो, तो माझा माणूस आहे.” आणि तो धावत सुटला.

कॉटवरून रुक्मिणी माझ्याकडे बघत होती.

“भावजी,” ती हळूच म्हणाली, “झग्याखाली कारखान्याची खाकी पँट दिसतेय. काढा ते, टाका कॉटखाली. आमचे हे तुमच्याच दारात गेलेत.”

मी काढलं. गंजिफ्रॉकवर तिच्यासमोर उभा राहिलो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

“मी सांगतो त्याला,” मी म्हणालो.

“आता नको. ते ऐकून हे मला न नेता इथेच बसले, तर मी मरेन.”

काशीराम धापा टाकत आला. “अरे, तू इथे? मी तुझं कुलूप बघून आलो. देव कुठाय?”

“गेले,” रुक्मिणी म्हणाली. “रिक्षा आणा.”

गाठ निघाली. रुक्मिणी वाचली. चौथ्या दिवशी वॉर्डात तिच्या कॉटशेजारी काशीरामने सदरा वर केला आणि खोबरेल तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

“माझा हात पोचत नाय. जरा लाव रे.”

वळ अजून काळेनिळे होते. मी बोटाने तेल लावत गेलो. कुठला वळ कितव्या फटक्याचा, ते मला ठाऊक होतं. आता सांगायला काहीच अडचण नव्हती. रुक्मिणी माझ्याकडे बघत वाट पाहत होती.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“देवाने दिलेलं, ते काय दुखायचं?” काशीराम म्हणाला.

मी दुसऱ्या वळाला तेल लावलं. रुक्मिणीने तोंड भिंतीकडे फिरवलं.