आईने निवडलेला कमोड

आमच्या आईला कमोडमधलं जेवढं कळतं, तेवढं कमोड बनवणाऱ्यांनाही कळत नसेल. आमच्या मुठा गावातल्या सहा बंगल्यांचे संडास तिने बावीस वर्षं घासले. पुण्याची माणसं शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी जायची आणि सोमवारी सकाळी आमची चंद्रकलाबाई ब्रश घेऊन हजर. पण स्वतः ती त्यावर एकदाही बसली नाही. पोटात कळ आली तरी काम टाकून घरी यायची. मालकांनी कधी नको म्हटलं नव्हतं, पण वापरा असंही कुणी म्हणालं नव्हतं. मला याचा अजून संताप येतो. आईला कधीच आला नाही.

तिने आयुष्यात एकच गोष्ट ठरवून ठेवली होती. दुसऱ्यांची घाण मी काढली, माझी कुणाला काढायला लागू नये. हे ती भांडणात म्हणायची, चेष्टेत म्हणायची, आणि शेजारी सारजाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा तर तिच्या तोंडावरच म्हणाली होती. बोलण्यात आईचा हात कुणी धरायचा नाही.

गेल्या थंडीत तिच्या पायांतली ताकद जायला लागली. घरातल्या साध्या संडासात ती बसायची, पण उठता यायचं नाही. मी काखेत हात घालून उठवायची. पुण्यातला डॉक्टर म्हणाला, नसांचा आजार आहे, गोळ्या चालू ठेवा, उंच कमोड बसवून घ्या म्हणजे त्यांचं त्यांना करता येईल. एवढं ऐकून आईला तिथेच बसवून मी गोळ्या आणायला खाली गेले. उंच कमोड म्हणजे जणू सगळ्या दुखण्यावरचा इलाज, असं मला वाटलं होतं.

मी पिरंगुटला कंपनीत पॅकिंगला आहे, सुट्टी गुरुवारची. त्या गुरुवारी आमच्या वस्तीतल्या विलास गवंड्याने टेम्पोतून आम्हाला पिरंगुटच्या दुकानात नेलं. दुकानदार निरंजनशेठने ओळीने मांडलेले कमोड दाखवले.

"आई, बसून बघ," मी म्हटलं.

"येडी का काय? चार माणसं बघत्यात."

मग माझ्या खांद्याचा आधार घेत ती वाकली आणि एकेका कमोडच्या कडेखाली बोटं फिरवू लागली. "ह्याच्या कडंखाली घाण ऱ्हाती. दिसत न्हाई, पर वास मारती." पुढच्याकडे आली. "ह्याचं झाकण वरसात पिवळं पडतंय." डॉक्टरने सांगितलेला उंच कमोड आला तेव्हा तिने त्याच्या मागची वळणं दाखवली. "हितं बघा शेट, ह्या खाचंत हात जात न्हाई. ब्रश बी न्हाई."

निरंजनशेठने चहा मागवला. "मावशी, तुमी माझ्या दुकानात कामालाच या," असं म्हणाला. दुसरी दोन गिऱ्हाइकंही आईला विचारायला लागली, हा कसा, तो कसा. मी अभिमानाने नुसती फुगले होते. बावीस वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

शेवटी तिने एका बुटक्या कमोडवर हात ठेवला. चारी बाजूंनी सपाट, गुळगुळीत.

"आई, हा बुटका हाय. डॉक्टरनं उंच सांगितलाय."

"मला ह्योच पायजे."

"अगं, तुला घासायचा न्हाई तो. त्याच्यावर बसायचंय."

"मंग घासायचं कुणी?"

शेठ हसला, मीही हसले. जन्माची सवय, जाते थोडीच, असं मनाशी म्हणून मी मान डोलावली. खरं तर मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. घरातली एखादी वस्तू ती स्वतः निवडतेय हे मी पहिल्यांदाच बघत होते.

विलासने जुनं भांडं फोडून नवा कमोड बसवला, बाजूच्या भिंतीत धरायला स्टीलचा दांडा ठोकला. सिमेंट वाळेपर्यंत दोन दिवस आम्ही शेजारी सारजाबाईच्या संडासात जात होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आई भिंत धरत आत गेली. "कडी लावती," म्हणाली. मी बाहेर उभी राहिले. मला फार बरं वाटत होतं.

बराच वेळ झाला. पाण्याचा आवाज काही येईना.

"आई, झालं का?"

"व्हय."

"मग ये की भाईर."

दार उघडेना. मी दाराला दोन धक्के दिले तशी प्लॅस्टिकच्या दाराची कडी निघून आली. आई तशीच बसलेली होती. एक हात दांड्यावर होता, पण बोटं वळलेली नव्हती.

मला रडू आलं नाही, राग आला. "सांगत हुते ना उंच घे म्हणून? ऐकायचं न्हाई तुला. आता रोज काय दार मोडू मी? उद्याच्या उद्या हा काढून उंच आणते."

"नगं आणूस," ती म्हणाली. "उंच आणून किती दिस बसणार मी? तू गोळ्या आणाया गेलतीस तवा इचारलं मी डाक्टरला. म्हनला, पाय जातील, मंग हात जातील. चार-सहा म्हैनं. मीच म्हनलं, पोरीला सांगू नगा." तिने दम घेतला. "मी चार म्हैनं बसणार, गौतमे. घासायचं तर तुला हाय, जलमभर. म्हनून ह्यो घेतला. सोपा हाय."

मी वाकले आणि म्हटलं, "गळ्यात हात टाक माझ्या, उठवते."

"आदी पानी घे," आई म्हणाली. तिने मान दुसरीकडे वळवली. "टमरेल उचलंना मला."

मी टमरेल भरलं आणि आईला धुतलं. जन्मभर तिने जी एक गोष्ट नको म्हटली होती, ती नव्या कमोडवर पहिल्याच दिवशी झाली.