तीन आकड्यांचं कुलूप

"एक, दोन, तीन?" गेटचं कुलूप हातात धरून मधुकररावांनी विचारलं.

"एक आकडा बरोबर, जागा चुकली," त्रिवेणीबाई भेंडी चिरता चिरता आतून म्हणाल्या.

"चार, पाच, सहा?"

"तसंच. एक बरोबर, जागा चुकली."

"सात, आठ, नऊ?"

"एक बरोबर, जागाही बरोबर. अहो, चहा निवतोय!"

पण चहा कुणाला हवा होता! आणखी थोडे प्रश्न, थोडं पुटपुटणं, आणि खट्‌कन कुलूप उघडलं.

चिक्कडपल्लीच्या क्लासमध्ये नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर हेच शिकवलं. आता क्लास कधीच सुटलाय हे त्यांच्या लक्षात राहत नव्हतं, सकाळी जेवलेलंही राहत नव्हतं. हे एवढं मात्र डोक्यात शाबूत होतं. लग्नापासूनचा नवरा-बायकोचा खेळ हा. आकडा तिने मनात धरायचा, त्यांनी शोधायचा. एक आकडा दोनदा घ्यायचा नाही, आणि खूण खोटी द्यायची नाही. भांडून अबोला धरला असला तरी खूण खरीच.

रोज ते क्लासला म्हणून घराबाहेर पडायला बघत. किल्ली लपवली तर शोधून काढत, म्हणून शिवराजनं, मुलानं, कुकटपल्लीहून हे कुलूप आणलं. आता बोला! या माणसाला अडवायला कुलूप आणलं तेही आकड्यांचं. त्रिवेणीबाई रोज आकडा बदलत, रोज खऱ्या खुणा देत आणि चपला अडकवून त्यांच्यामागे कोपऱ्यापर्यंत जात. "आज सुट्टी आहे क्लासला," म्हणून परत आणत.

परवा दूध उतू गेलं, त्या आत वळल्या आणि घात झाला. मधुकरराव थेट लांबच्या जामबागला सापडले, गाड्यांच्या मधोमध, खिशात खडू.

"आई, बस झालं," शिवराज म्हणाला. "परत गेले तर म्हाताऱ्यांच्या होममध्येच ठेवू. मी बोलून ठेवलंय."

"नक्को रे बाबा. मी बघते ना."

"बघतच होतीस की."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मधुकरराव गेटपाशी हजर. "एक, दोन, तीन?"

त्रिवेणीबाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. "एकही नाही."

"वा! तीन एका फटक्यात गेले. चार, पाच, सहा?"

"एकही नाही."

"आज फारच सोपं दिलंस गं! सात, आठ, नऊ?"

"एकही नाही."

ते बोटं मिटत गेले. नऊ मिटली, एक उरलं. पुन्हा सगळी उघडली, पुन्हा मोजली. घरं तीन, आणि हाती नुसतं शून्य. खोटारडी म्हणा, ओरडा माझ्यावर, त्रिवेणीबाई मनातून विनवत होत्या.

"तुझी खूण बरोबरच असणार," ते हळूच म्हणाले. "माझंच डोकं गेलं गं आता."

"अहो, तसं नाही, मी..."

खरं सांगितलं तर उद्या पुन्हा गेट. त्यांनी पुढचे शब्द गिळले. मधुकररावांनी खिशातला खडू काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि शर्ट खुंटीला अडकवला.

त्यानंतर ते गेटपाशी फिरकले नाहीत. "अहो, विचारा की. एक, दोन, तीन?" त्याच छेडत. ते ओळख नसल्यासारखे बघत.

शेवटी एका संध्याकाळी त्रिवेणीबाईंना राहवेना. त्यांनी कुलूप उघडलं, तसंच कडीला लटकवलं आणि चपला घालून पायरीवर बसल्या. चला, होऊन जाऊ दे एक फेरी.

मधुकरराव बाहेर आले, कुलपाकडे बघत राहिले.

"उघडं राहिलंय गं," ते म्हणाले. आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ते दाबून बंद केलं.