पिशवीतले यंत्र

उर्मिलाबाई प्रवासासाठी पुऱ्या तळत होत्या आणि त्यांची लेक कुसुम लाटत होती. कुसुमच्या पोलक्यात कानयंत्राची डबी होती, तिची बारीक वायर कानापर्यंत गेलेली. यंत्र आल्यापासून तिला एक खूळ लागले होते. पुरी तेलात पडली की ती मान तिरपी करून चुरचुर ऐके आणि हसे.

त्या दिवशी नागपूरला मावशीकडे कुसुमला दाखवायचे होते. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर नेमके मुलाचे मामा, मोरेश्वरराव, भेटले. उर्मिलाबाईंनी कुसुमला बाजूला ओढले.

"काढ वं ते कानातलं," त्या हातवारे करत कुजबुजल्या. "लगन जमू दे, मंग लाव."

"माय, मले काहीच ऐकू येणार नाही."

"मी आहो ना संगं!"

म्हाताऱ्याच्या नाकावरचा चष्मा आपल्याला खुपत नाही. उपवर मुलीच्या कानातली वायर मात्र घराण्याची अब्रू घालवते! मुलीला ऐकू न आले तरी चालेल, ते चारचौघांत दिसता कामा नये. धन्य आपली रीत! यंत्र आईच्या पिशवीत गेले.

कुसुम नळावर सुरई भरायला गेली. इतक्यात भोंगा बोलला. नागपूरची गाडी पलीकडच्या फलाटावर येणार होती. मधून मालगाडी जायची होती, कुणी रूळ ओलांडू नये, पुलावरून जावे. मोरेश्वरराव निघाले. त्यांच्याशी बोलत उर्मिलाबाईही निघाल्या आणि रोजच्या सवयीने त्यांनी मागे न बघता हाक मारली, "कुसुम, चाल वं!"

कुसुम वळली तेव्हा आई पलीकडे पोचली होती. ती घाबरून रुळात उतरली. मालगाडीची शिट्टी वाजत होती, सारे स्टेशन ओरडत होते. कुसुमने आईकडे बघून हात हलवला.

कुसुमचा मोठा भाऊ विनायक शाळेत विज्ञान शिकवायचा. कुसुम गेल्यावर त्याने स्टेशनमास्तरांच्या परवानगीने प्रतीक्षालयाच्या भिंतींच्या कडेने तांब्याची तार फिरवली आणि भोंग्याच्या यंत्रणेला जोडली. आत बसून कानयंत्राचे बटण टेलिफोनच्या खुणेवर केले की सूचना हवेतूनच थेट कानात येई, गलक्याशिवाय. पहिल्यांदा कुसुमचे यंत्र पिशवीतून काढून उर्मिलाबाईंनी स्वतःच्या कानाला लावले. "रूळ ओलांडू नका," कुणी शेजारी बसून सांगावे तसे ऐकू आले.

"इतकं साफ ऐकू येते, विनू?"

विनायक वळून भिंतीवरची सैल तार घट्ट करू लागला.

आता पुरी तेलात पडली की उर्मिलाबाईंची मान आपोआप तिरपी होते. जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जायचे म्हणून घरातून निघतात आणि स्टेशनवरच येऊन बसतात. यंत्र पिशवीतच असते.

एकदा समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीच्या कानातली वायर ओढताना त्यांना दिसली.

"पाहुणे येऊन राहिले, पदराखाली लपव लवकर!"

उर्मिलाबाईंनी उठून तिचा हात धरला.

"नका काढू, बाई. मी काढलं होतं."