तिसऱ्या पायरीवरचा हमाल

"आलं! मशीन आलं!" जिन्यावरून कुणीतरी ओरडलं आणि टायपिंग क्लासच्या हॉलमधली सगळी माणसं एकदम उठली. खुर्च्या साठ, माणसं दीडशे. रविवारची सकाळ, पंखे तीन, त्यातला एक नुसता आवाजापुरता. पुढच्या रांगेतला बँकेतला साहेब बूट न काढता खुर्चीवर चढला होता. मागे कॉलेजची पोरंपोरी फोन उंच धरून उभी होती. कुणाचंच बूड एका जागी टेकत नव्हतं.

मग तो आला. काळा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची दोरी, आणि दोरीला ओळखपत्र नाही. दोन्ही हातांत मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं.

"मित्रांनो, मी कोण?" त्याने विचारलं. "मी कुणी नाही. मी नुसता निरोप्या. आतून येतं, मी तुमच्यापर्यंत पोचवतो."

कडकडून टाळ्या. बँकेतल्या साहेबाचे तर डोळे पाणावले.

सगळे त्याला 'आतले सर' म्हणत, कारण त्याचा माणूस म्हणे कारखान्याच्या आत होता. कुठला कारखाना, कुठल्या देशातला, हे विचारायचं नाही. सांगितलं तर त्या बिचाऱ्याची नोकरी जाईल. आठ महिने ती नोकरी जाता जाता वाचत होती.

हा सगळा प्रकार कशासाठी, ते आधी सांगतो. हातात धरून खेळायची जी गेमची यंत्रं बाजारात मिळतात, ती बहुतेक कुलूपबंद असतात. कंपनीने पसंत केलेलेच गेम त्यांवर चालतात. तुम्ही घरी बसून, डोळे फोडून एखादा गेम तयार केलात आणि त्यात घालायला गेलात, तर यंत्र सरळ तोंड फिरवतं. आणि आता असं एक यंत्र येणार होतं म्हणे, की कुणाचाही घरगुती गेम मेमरी कार्डात भरून घाला, ते विनातक्रार चालवणार. त्याला नाव नव्हतं, तारीख नव्हती, फोटो धुरकट होते. पण त्याची बॅटरी किती तास टिकते, ते हॉलमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं.

मी बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करतो. न आलेल्या वस्तूची बॅटरी टिकते हे ऐकलं की माझं डोकं सणकतं. तरी मी तिथे गेलो, कारण तिसऱ्या रांगेत माझी भाची बसली होती आणि तिच्या पर्समध्ये एक छापील कागद होता. त्यावर ती त्या दिवशी सही करणार होती.

माझ्या ताईला, म्हणजे तिच्या आईला, गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात जवळजवळ लुळा पडला. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, पहिले महिने महत्त्वाचे, बोटं रोज हलली पाहिजेत. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. ताईने तो दोन दिवसांत कपाटाखाली भिरकावला. "मी काय कुत्रं आहे का चेंडूशी खेळायला?" म्हणाली.

भाची एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. तिने आईसाठी घरीच गेम करायला घेतला. एक हमाल डोक्यावर ट्रंक घेऊन जिना चढतो. प्रत्येक बोटाला एक बटण. चारही ओळीने दाबली की एक पायरी. मजल्यावर पोचलं की एखादी शेजारीण दार उघडून त्याला टोमणा मारते, आणि ते टोमणे ताईचेच, वर्षानुवर्षं आम्ही ऐकलेले. पहिले दोन मजले पाहून ताई आजारपणानंतर प्रथमच खळखळून हसली होती. माझ्या दुकानातल्या एका जुन्या, कुलूप उघडलेल्या यंत्रावर तो चालतही होता. महिन्याभराचं काम उरलं होतं.

आणि तेवढ्यात आतले सर उगवले.

"मामा, आता जुन्या यंत्रासाठी कशाला घासत बसू?" भाची म्हणाली. "नवीन येतंय. त्याची बटणं लोण्यासारखी आहेत. आईला दाबायला सोपी."

"तू दाबून पाहिलीस?"

"आतले सर म्हणाले."

मग बातमी आली की पडदा रुंद असणार. हिने सगळा जिना पुन्हा रंगवला. मग बटणं मागच्या बाजूला असणार म्हणे. हिने बोटांचा सगळा हिशोब उलटा केला. मग पडदा पुन्हा अरुंद झाला. आठ महिने हे चाललं आणि हमाल दुसऱ्या मजल्यावरच ताटकळत राहिला.

मी वाद घातला तर तिचं एकच म्हणणं असे, "पण त्यांचं सगळं खरं होतं, मामा! मोठ्या गेम कंपन्यांनी कधी काय जाहीर केलं, ते त्यांनी आधी सांगितलं होतं."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच माझी झोप उडाली होती. उलगडा अचानक झाला. माझ्या दुकानात एक शिंपी फोनची काच बदलायला आला होता. बोलता बोलता म्हणाला, "तो आतला ना? थापाड्या! आमच्या गेमवाल्या ग्रुपला म्हणाला, कंपनीची घोषणा सोमवारी. सोमवार गेला, आणि ग्रुपच बंद करून टाकला पठ्ठ्याने." मी त्याला तो निरोप दाखवायला लावला. त्याच तारखेला, त्याच तासाला भाचीच्या ग्रुपला मात्र 'गुरुवारी' असं कळवलं होतं. म्हणजे प्रत्येक ग्रुपला वेगळा वार! चुकलेले ग्रुप बंद करायचे, बरोबर आलेला ठेवायचा, आणि त्याला पुढचं भविष्य सांगायचं. शेवटी जे उरतात त्यांना वाटतं, हा माणूस कधी चुकतच नाही. हॉलमधले दीडशे जण म्हणजे ते उरलेले.

मी हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "तो दुसराच कुणी असेल. नावाचा फायदा घेतात लोक." आणि माझ्याशी बोलायचीच बंद झाली.

कागदावर काय होतं? तर 'निवडक निर्मात्यां'च्या यादीत यायचं असेल, तर गेम कायमचा आतल्या सरांच्या स्वाधीन, आणि यंत्र बाजारात येईपर्यंत तो कुणालाही दाखवायचा नाही. आईलासुद्धा नाही. हे तिला मान्य होतं!

तर, हॉलमध्ये मखमल उघडली. आतून निघालं एक चपटं पांढरं यंत्र, दोन बाजूंना बटणं, डोक्यावर कार्डाची खाच.

"याला कुलूप नाही," सर म्हणाले. "हे जात विचारत नाही, परवाना मागत नाही. कार्ड घाला, बस! पण याला भावना कळतात. म्हणून आधी मी त्याला निर्मात्याची ओळख करून देतो."

मग तो कार्ड खाचेत सरकवायचा, सभेकडे पाठ करायचा, यंत्र छातीशी धरून डोळे मिटायचा. दहा-बारा सेकंद. वळला की पडद्यावर गेम हजर! बँकेतल्या साहेबाचा बुद्धिबळाचा गेम चालला. साहेबाने खुर्चीवरून खाली उडी मारली. एका मुलीचा माशांचा चालला. लोक अक्षरशः ओरडत होते. मीही एक क्षण चरकलो, खोटं कशाला सांगू?

भाचीची पाळी आली. कार्ड दिलं, पाठ झाली, ओळख झाली. पडद्यावर हमाल उभा राहिला. हिचा चेहरा फुलला. तिने बटणं दाबली. हमाल एक पायरी चढला, दुसरी चढला, आणि तिसऱ्या पायरीवर पाय ठेवताच ट्रंकेसकट जमिनीतून आरपार खाली गेला.

हॉलमध्ये हशा पिकला. सर समजुतीने म्हणाले, "होतं असं. गेममध्ये चूक राहिली, मॅडम. यंत्र काय करणार?"

भाची लाल झाली. मग पांढरी पडली. "पण ही चूक मी आज सकाळीच काढली," ती पुटपुटली. "सात वाजता. चहा गार करून."

गेम करणाऱ्या या लोकांची एक खोड आहे. त्यांचा गेम कधी पुरा होत नाही. मांडवात जायच्या आधीही ते एखादा स्क्रू पिळतील. सरांनी 'तपासणीसाठी' सगळ्यांकडून आठवडाभर आधी गेम मागवून घेतले होते. त्यानंतर कुणी हात लावू नये असंही सांगितलं होतं. भाचीने हात लावला होता आणि भीतीपोटी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने यंत्रातून कार्ड ओढून काढलं आणि स्वतःच्या लॅपटॉपला लावलं. हमाल तिसरी पायरी चढला. चौथी, पाचवीही चढला.

"मामा," ती मला म्हणाली, महिन्यानंतर पहिल्यांदा, "कार्डावर नवीन आहे. त्यांच्या यंत्राने मागच्या आठवड्यातला दाखवला."

"यंत्राला जुनी आठवण असते!" सर घाईने म्हणाले. "ते निर्मात्याचं पहिलं मन वाचतं..."

"जे कार्डावर नाहीच, ते?" तिने विचारलं. मग ती रांगेतल्या पुढच्या माणसाकडे, एका उंच फोटोग्राफरकडे वळली. काय कुजबुजली ते मला कळलं, कारण तिने मागे हात करून माझ्याकडून एक कोरं कार्ड घेतलं. दुकानदाराच्या खिशात ती असतातच.

फोटोग्राफर पुढे झाला. कार्ड खाचेत गेलं. पाठ, छाती, मिटलेले डोळे. सर वळले आणि पडद्यावर त्याचा विमानांचा गेम धडाक्यात सुरू झाला.

"वा!" फोटोग्राफर म्हणाला. "सर, ते कार्ड कोरं आहे. माझं माझ्या खिशात आहे."

त्याने ते वर धरून दाखवलं. आता कुणी हसलं नाही.

मी स्क्रूड्रायव्हर काढला. "सील तोडलं तर स्फोट होईल!" सर किंचाळले. पहिली रांग मागे सरली. "झाला तर माझ्या अंगावर होऊ दे," म्हटलं आणि चार स्क्रू काढले. आत एका जुन्या मोबाइलचं पोट होतं. असल्या फोनच्या काचा मी शेकड्यांनी बदलल्यात. सगळ्यांचे गेम त्यात आधीच भरलेले, नावांच्या यादीसकट. पाठ करून तो डोळे मिटत नव्हता, यादीतलं नाव शोधून दाबत होता. आणि कार्डाची ती खाच? तिला एकही तार नव्हती. नुसतं भोक होतं.

"मला आतून फोन येतोय," असं म्हणून सर जिना उतरले. तेवढा फोन मात्र त्यांना खरंच घ्यावासा वाटला असेल.

लोक तरी हलेनात. बँकेतला साहेब माझी बाही धरून म्हणाला, "हा खोटा, मान्य. पण खरं यंत्र येणार असेलच ना? कधी येईल? तुमचा काय अंदाज?" मी कपाळावर हात मारला.

घरी आल्यावर भाचीने आईला सगळं सांगितलं, न लपवता. ताईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो लबाड होता, कळलं. पण मामाच्या त्या जुन्या यंत्रावर माझा हमाल चालत होता ना ग?"

"चालत होता, आई."

"मग मला का नाही दिलास?"

मी दुकानातून ते जुनं यंत्र आणलं, भाचीने त्यात जुना गेम भरला आणि ते ताईच्या हातात दिलं. तर्जनी दाबली गेली. मधलं बोट, अनामिका, थरथरत का होईना, दाबली गेली. करंगळी हलेना. ताईने ओठ चावले, खांदा वाकवला, कपाळावर घाम आला. हमाल पाय उचलून तसाच उभा. आठ महिन्यांपूर्वी ती करंगळी हलत होती. मी स्वतः पाहिलं होतं.

भाची जमिनीवर बसून रडली. मलाही रडू आलं, आणि रागही आला, त्या लबाडाचा आणि आमचाही.

चमत्कार दाखवणारा हल्ली भस्म लावून येतोच असं नाही, गळ्यात ओळखपत्राची दोरी लटकवूनही येतो. त्याला घाबरू नका, फक्त तपासा. त्याची चुकलेली भाकितं कुठे गेली ते शोधा. त्याला ठाऊक नसलेलं कार्ड त्याच्या हातात द्या. आणि जे अजून कुणी पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी हातातलं काम थांबवू नका. ताई आता रोज सकाळी तासभर खेळते. करंगळीचं काय होईल, फिजिओच्या बाई सांगत नाहीत. त्या म्हणतात, मोजून बघू आणि मगच बोलू.